न दुखणारी पाठ

कडुबा, आज तुला शिव्या घालायला बसलोय. श्रद्धांजली वगैरे तुला आवडली नसती. मजूर नाक्यावरचं कुणी गेलं की दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि मग ज्याला काम मिळेल त्यानं निघून जायचं, एवढीच आपली पद्धत. तुझ्या वेळी तीही नीट पार पडली नाही. मधेच एक टेम्पो येऊन थांबला, "प्लास्टरवाले दोघं पाहिजेत" म्हणून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. माझीही वळली. मी फरशी बसवणारा, मला प्लास्टरचं काय? तरी वळली. तू असतास तर सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढून जागा धरली असतीस.

लोकांना काय सांगायचं यावरून तुझ्या गावी, वैजापूरकडं, मोठा वाद झाला. तुझे चुलते म्हणाले, अटॅक आला म्हणा, विषय मिटला. संगीता वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अटॅक म्हणू नका कुणी. अटॅक म्हणलं की सगळे आपापल्या घरी जाऊन निवांत झोपतेल. ह्यांनी सोताचा जीव घेतला. ह्यांना आजार होता अन् तो आपल्याला दिसला नाय. असंच सांगा."

चुलते म्हणाले, "अगं, उद्या पोरीच्या लग्नात आडवं येतंय हे."

"पोरीला बाप नाय राहिला मामंजी. त्याच्याहून आडवं काय यायचंय?"

तर वहिनींच्या परवानगीनं लिहितोय. कसा गेलास ते लिहिणार नाही. ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. आणि तू काही फार मोठं धाडस केलंस, सुटलास, असलंही कुणी माझ्यासमोर बोलू नये. तू सुटला नाहीस. तू आजारी होतास, त्या आजाराला औषध होतं, आणि ते तुझ्यापासून चार पावलांवर असताना तू वळलास. माझा सगळा राग तिथं अडकून पडलाय.

तुझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं तुझं नाव कडुबा ठेवलं. मरणाला हे पोरगं कडू लागावं, त्यानं तोंड वाकडं करून पुढं जावं. तू हे हसत सांगायचास आणि वर म्हणायचास, "मास्तर, मला काय होत नाय, माझा इमा नावातच काढलाय." बारावी झालोय आणि नाक्यावर पेपर मोठ्यानं वाचतो, एवढ्या भांडवलावर तू मला मास्तर केलं होतंस. दहनाच्या वेळी तुझी आई तुझ्या नावानंच हाका मारत होती. नाव ऐकवत नव्हतं रे.

मुकुंदवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांना बाहेरून गिलावा तू आणि रहीमनं केला, सुट्ट्यांच्या दिवशी येऊन. मजुरीचं नाव काढलं की थापी उगारायचास. बदल्यात माझ्या बायकोच्या हातची काळ्या मसाल्याची वांगी मागायचास आणि जेवताना म्हणायचास की भिंतीपेक्षा भाजी पक्की झाली. परवा मी ती सगळी भिंत हातानं चाचपून पाहिली. कुठं तडा गेलाय का, कुठं पोकळ वाजतंय का. तुझ्याशी भांडायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं मला. नाही सापडलं.

रहीम आणि तू म्हणजे आपल्या नाक्यावरची जुनी जोडी. उंच इमारतींच्या बाहेरून परांची बांधायची आणि तिच्यावर उभं राहून प्लास्टर मारायचं, हे तुमचं काम. एकानं माल चढवायचा, दुसऱ्यानं रंधा फिरवायचा, थोड्या वेळानं अदलाबदल. तिथं जोडीदारावर विश्वास नसेल तर माणूस उभाच राहू शकत नाही. तुम्ही दिवसभर वर काय बोलायचात कुणास ठाऊक. खाली आम्हाला फक्त हसणं ऐकू यायचं. मग हळूहळू तेही यायचं थांबलं.

बीड बायपासच्या साईटवर तू मला सांगितलंस. जेवणाची सुट्टी होती, सिमेंटच्या गोण्यांवर बसलो होतो, तुझा डबा तसाच झाकलेला. "मास्तर, सकाळी डोळा उघडला की छातीवर पोतं ठेवल्यावानी वाटतं. कशाचीच चव लागंना. झोप तर गेलीच." मग हसून म्हणालास, "मी नसलो तरी चालतंय की घरच्यांचं." मी ते हसण्यावारी नेलं नाही, हे तुला माहीत आहे. तुला माझ्या बहिणीचं सांगितलं. बाळंतपणानंतर ती अशीच भिंतीकडं तोंड करून पडायची, लेकराला घेत नव्हती, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी हळूहळू उठून बसली. तू नीट ऐकलंस. मग म्हणालास, "चल. पण तू आत यायचं नाय."

म्हणून मी सरकारी दवाखान्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली थांबलो आणि तू आत गेलास. बराच वेळ लागला. मला बरं वाटत होतं, म्हटलं मोकळा होतोय गडी. तू बाहेर आलास तो कमरेला पट्टा बांधून.

"पाठीचा आजार निघाला मास्तर."

मला आधी हसूच आलं. "पाठ दुखती का तुझी?"

"आता दुखंल."

मग कळलं. मनाच्या डॉक्टरांच्या लाइनीकडं तू निघाला होतास, आणि तिथं तुला ओळखीचं माणूस दिसलं. तसा तू शेजारच्या हाडाच्या डॉक्टरांच्या लाइनीत सरकलास. कोण होतं, ते काही केल्या सांगितलं नाहीस. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर आपलं भांडण झालं, चहावाला आपल्याकडं बघत राहिला.

"अरे, तो त्या लाइनीत होता म्हणजे तोबी आजारीच असंल ना!"

"असंल. पण त्यानं मला त्या लाइनीत बघितलं असतं तर नाक्यावर बातमी गेली असती. डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याला मुकादम परांचीवर चढू देतो व्हय?"

"मग खालचं काम कर."

"खालचं काम कोण देतंय? तू खाली बसून फरशी बसवतो मास्तर. तुला उंचीचं काय माहीत?"

मी चिडून बोललो, "लपवून लपवून मरशील एक दिवस." तू म्हणालास, "सांगून उपाशी मरण्यापरीस बरं." पुन्हा या विषयावर आपण बोललो की तिथंच येऊन अडकायचो. आजही तिथंच अडकलेलो आहोत, फक्त आता माझी एकट्याची बाजू चालू असते.

त्यानंतर तू तो पट्टा बांधून साईटवर येऊ लागलास. खोटं एकदा बोललं की ते कमरेला बांधून हिंडावं लागतं. त्याच सुमारास रहीमचीही पाठ धरली. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघं शर्ट वर करून बसायचात आणि आळीपाळीनं एकमेकांच्या पाठीला मलम चोळायचात. सगळ्या मजल्यावर तो वास. मी येता-जाता चिडवायचो, "म्हाताऱ्यांनो, काठ्या आणून देऊ का?" रहीम म्हणायचा, "जरा नीचे लगा कडुबा, हौ, उधरिच." आणि तू अगदी मन लावून चोळायचास. तुझी पाठ दुखत नाही हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, निदान रहीमला तरी आराम पडत असेल.

मग शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या शेडचं लांबलचक काम निघालं. ठेकेदारानं रहीमला निवडलं आणि तुझ्या कमरेच्या पट्ट्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्याला वर नको." ज्या भीतीनं तू तो पट्टा घेतलास, ती भीती त्या पट्ट्यानंच खरी केली. रहीम म्हणाला, मीही जात नाही. तू त्याला ढकलून टेम्पोत बसवलंस. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता एक गोष्ट मात्र नाक्यावरच्या लोकांशिवाय कुणाला कळायची नाही, म्हणून उलगडून लिहितो. रोज सकाळी शे-दीडशे माणसं हत्यारं घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात आणि ठेकेदार येऊन निवडून नेतात. जो दिसतो त्याला काम नाही. जो दिसत नाही त्याला काम लागलं. इतका साधा हिशेब. म्हणून एखादा सलग दिसला नाही की आपण खूष होतो. त्याची चौकशी करत नाही, कारण विचारलं की लागलेलं काम मोडतं, असा आपला जुना समज. तो परत उगवला की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

तू दिसेनासा झालास आणि नाका खूष झाला. "कडुबाला काम लागलं असंल. लई मोठं दिसतंय." "येऊ दे, नुसत्या चहावर नाय सोडायचा, भजीबी घेऊ." मीही त्यात होतो. रहीम शेंद्र्याला, त्याला वाटत होतं तू नाक्यावर आहेस. वहिनी गावाकडं, त्यांना तू फोनवर सांगत होतास की काम जोरात आहे, बोलायला वेळ नाही. मलाही एकदा तेच म्हणालास. त्या वेळी मागं मिक्सरचा, माणसांचा काहीच आवाज नव्हता, असं आता आठवतं. खरंच आठवतं की नंतर मीच ते तिथं नेऊन ठेवलंय, हेही सांगता येत नाही. तू भाड्याच्या खोलीत दार लावून पडला होतास, आणि रस्त्यावर आम्ही तुझ्या नावानं चहा-भजी ठरवत होतो.

पट्ट्यामुळं गेलास असं मी म्हणणार नाही. शेंद्र्याच्या कामामुळं, ठेकेदारामुळं, आमच्या चहामुळं, असंही नाही. माणूस एका कारणानं जात नाही, हे मला नंतर मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते कळतं. पण रात्रंदिवस डोकं एकच कारण शोधत राहतं, त्याला कोण समजावणार?

त्या डॉक्टरांपर्यंत मी कसा पोचलो, ते ऐक. खरं तर हेच सांगायला बसलोय, बाकीचं येतच गेलं.

तुझ्या अंत्यविधीहून परतल्यावर रहीम शेंद्र्याला गेला नाही. नाक्यावरही दिसेना. मी चहा घेत उभा होतो, आणि मागून कुणीतरी सहज म्हणालं, "रहीमला दुसरीकडं काम लागलं असंल." अगदी तेच शब्द, तोच आवाज. मी हत्यारांची पिशवी टपरीवर टाकली आणि गाडी रोशन गेटकडं दामटली.

दार भाभींनी उघडलं. "अच्छा हुआ आए भाई. कमरे के बाहर नै निकलते. खाना वैसाच पड़ा रहता." आत रहीम भिंतीकडं तोंड करून पडला होता, अगदी माझ्या बहिणीसारखा. खिडकीत मलमाची डबी. ती डबी दिसली म्हणून विचारलं, "पाठ लई दुखती का रहीमभाई?"

तो उठून बसला. आणि एकदम फुटला.

"पाठ कब दुखी थी मेरी, सुधाकरभाई? मैं भी उसिच लैन में खड़ा था. कडुबा आता दिखा, मैं हड्डी की लैन में सरक गया. पलट के देखा तो वो भी मेरे पीछेच खड़ा. मेरेकू पूछा, क्या हुआ? मैं बोला कमर. मैं पूछा, तेरेकू? वो बोला, मेरी भी कमर."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"रोज मलम लगाता था मेरेकू. मैं सोचता था, बिचारे की पीठ सच्ची में दुखती, फिर भी मेरी पहले मलता. एक बार बोल देता मैं. एक बार वो बोल देता."

कडुबा, तू ज्याचं नाव मला सांगितलं नाहीस ते माणूस हे होतं. ज्याच्या भरवशावर तू सातव्या मजल्याच्या उंचीवर फळीवर पाय टाकायचास, त्याच्यापासून तू लपलास. आणि तो तुझ्यापासून. दोन धडधाकट पाठी महिनोन् महिने एकमेकांना मलम चोळत बसल्या. मला त्या दिवशी तुमचा दोघांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी रहीमला जवळ घेतलं तेव्हा त्याला मारतोय का धरतोय हे भाभींनाही कळेना.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं. या वेळी लिंबाखाली थांबलो नाही, लाइनीत त्याला चिकटून उभा राहिलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" असं कुणी तोंडावर विचारतं का? रहीम खाली मान घालून म्हणाला, "हौ. आता है." आणि पुढं तो जे बोलत सुटला ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. रहीम बाहेर गेल्यावर मी बाईंना म्हणालो, असं विचारल्यानं तो विचार पक्का नाही का होत? त्या म्हणाल्या, "नाही. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही, बाहेर पडायला वाट मिळते. तुम्हीही विचारत जा. आणि असं कळलं तर त्यांना एकटं सोडू नका, इकडं घेऊन या." आणि आपण इतकी वर्षं धरून बसलो होतो, की विचारलं की मोडतं.

रहीम बरा झाला, असं लिहून तुला खूष करणार नाही. गोळ्या चालू आहेत. काही दिवस चांगले जातात, काही दिवस भाभींचा फोन येतो. मुकादमाला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. मुकादमानं डॉक्टर हो म्हणेपर्यंत परांची बंद केली, आतल्या भिंतींचं काम दिलं. म्हणजे आपल्या भांडणात तू अर्धा खरा निघालास. वर चढू दिलं नाही. पण उपाशीही ठेवलं नाही कडुबा. हा अर्धा तुला कळायला पाहिजे होता.

आणि नाक्यावरची रीत मी मोडली. म्हटलं, जो दिसणार नाही त्याचा चहा आता त्याच्या घरी जाऊन प्यायचा. "अन् खरंच काम लागलं असंल तर?" "तर वहिनींच्या हातचा पिऊ अन् माघारी येऊ." आधी टिंगल झाली. पहिल्यांदा ज्याच्या दारात गेलो तो टॉवेलवर बाहेर आला, ताप चढलेला, म्हणाला, "मरायला टेकलोय अन् तुमाला चहा सुचतोय?" आम्ही दाराशी उभे राहून इतके हसलो की शेजारी गोळा झाले. पण त्यानं चहा दिला. आणि निघताना मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तापाचं नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही.

काल रहीमला पुन्हा दाखवायला नेलं होतं. लाइन लांब, म्हणून बाकावर बसलो. तेवढ्यात आपल्या नाक्यावरचा एक रंगारी दारातून आत आला. हातात केसपेपर. त्यानं आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला, की तुझा त्या दिवशी कसा झाला असेल ते मला दिसलं. तो हळूच वळला आणि शेजारच्या लाइनीकडं सरकू लागला.

रहीमनं हाक मारली. सगळे वळून बघायला लागले एवढ्या मोठ्यानं.

"ए भाई, इधर आ. वो कमर की लैन है. उधर से मैं होके आया. उधर कुछ नै है."

रंगारी तसाच थांबला. आम्ही दोघं सरकलो, त्याला जागा केली. तो आला आणि रहीमला खेटून बसला. बाकावर तिघांपुरतीच जागा होती कडुबा. तू आला असतास तर मी उठून उभा राहिलो असतो.